आहेराच्या पिशव्या

लातूरच्या माणसाला ‘तुमचा जिल्हा नवा’ असं म्हटलेलं अजिबात खपत नाही. मी मुदखेडची, म्हणजे जुन्या नांदेड जिल्ह्यातली. त्यामुळे लग्न होऊन लातुरात आल्यावर हे वाक्य मी सणावाराला आठवणीने म्हणायचे आणि सासरे आठवणीने चिडायचे. मग ते सांगायचे की जिल्हा झाला, कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग कॅरीबॅग आली. तोवर डाळ कागदाच्या पुड्यात यायची. कॅरीबॅग हलवत रस्त्याने चालणारा माणूस म्हणजे जिल्ह्याच्या गावचा माणूस, असं तेव्हा लोकांना वाटायचं म्हणे.

मी आले तोवर ही मिजास पार उतरली होती. मूठभर कोथिंबीर घेतली तरी भाजीवाला पिशवी द्यायचा, आणि मिरच्यांना वेगळी. आमच्या दारामागे पिशव्यांनी भरलेली एक पिशवी टांगलेली असायची. तिच्यात मावेनाशा झाल्या की सासूबाई उरलेल्या पिशव्यांत भाजीची सालं बांधून नालीच्या काठाला ठेवायच्या. सगळी गल्ली तेच करायची.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. नळाला पाणी येणं बंदच झालं, टँकर आला की बादल्या घेऊन पळायचं. नाल्या कोरड्या पडल्या आणि पिशव्यांनी गच्च भरल्या. बाभळींना पाला उरला नव्हता, काट्यांना पिशव्या मात्र भरपूर लटकल्या होत्या. गल्लीत एक तांबडी गाय फिरायची. सासूबाई तिला रोज भाकरी घालायच्या. त्या उन्हाळ्यात ती आमच्याच दारात पोट फुगून मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी फाडून पाहिलं आणि सांगितलं की पोटात चाऱ्यापेक्षा प्लास्टिक जास्त होतं, गाठी मारलेल्या पिशव्या सालांसकट गिळल्या होत्या. सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. ‘एका हातानं भाकर घातली अन् दुसऱ्या हातानं मारलं मी तिला,’ म्हणायच्या. मला त्यांची फार दया आली. पण ती दया मी आवरतीच घ्यायला हवी होती, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी घरात फर्मान काढलं. या उंबऱ्याच्या आत कॅरीबॅग येणार नाही. पाहुण्याने आणली तर त्याने जाताना ती परत न्यायची.

आता कापडी पिशव्या आणायच्या कुठून? सासूबाईंनी आहेराची पेटी उघडली.

टॉवेल-टोपीचा आहेर आमच्याकडे कुणी वापरत नाही. टॉवेल एका मांडवात घ्यायचा, घडी न मोडता पेटीत ठेवायचा आणि दुसऱ्या मांडवात द्यायचा. ज्याचा त्यालाच परत जाऊ नये, एवढं सांभाळलं की झालं. काही टॉवेलांनी तर माझ्यापेक्षा जास्त लग्नं पाहिली असतील. सासूबाईंनी त्या पेटीला कात्री लावली आणि मशीनवर धडाधड पिशव्या शिवल्या. एका चुलत सासूने आपण आहेर केलेल्या ब्लाऊज पीसच्या पिशवीत आमचा कांदा-लसूण पाहिला आणि आमच्याकडे हळदीकुंकवाला यायचं सोडलं. शेजारीण म्हणाली, ‘इथं प्यायला पाणी न्हाई, अन् पिशव्या काय गुलाबपाण्यानं धुता का?’

‘माझी मळली तर उन्हात झटकीन,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तुझी गाईच्या पोटात गेली, ती कशी झटकणार?’

हे सगळं ठीक होतं, पण त्याच सुमारास नणंदेचं लग्न जुळत आलं. नणंद एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायची, मुलगा तिथेच गणित शिकवायचा. दोघांचं आपसात कधीच ठरलं होतं, घरच्यांचीही ना नव्हती. फक्त उदगीरहून मुलाचे मामा येऊन ‘हो’ म्हणायचे होते. मुलाला वडील नव्हते, त्यामुळे मामांचा शब्द शेवटचा. लांबच्या नात्यातले म्हणून ते माझ्याही लग्नाला आले होते. मानपानाच्या बाबतीत त्यांचा लौकिक मोठा होता. एका लग्नात कपाळाला गंध लावायला उशीर झाला म्हणून ते भरल्या पंगतीतून उठून गेले होते.

मामा आले ते कॅरीबॅगमधून पेढे घेऊन. नणंदेने मला चिमटा काढला. सासूबाईंनी पेढे डब्यात काढले, पिशवीची घडी घातली आणि हसून मामांच्या हातात दिली. ‘अण्णा, ही तेवढी परत न्या. आमच्याकडं ठेवत न्हाईत.’

मामांनी पिशवीकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि ती खिशात घातली. सासऱ्यांनी घाईघाईने पावसाचा विषय काढला. पण मामांचं लक्ष तिकडे नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला वांग्यांची पिशवी टांगलेली होती, तिच्यावर त्यांची नजर अडकली होती.

‘अक्का, ह्यो आहेराचा टॉवेल हाय ना?’

‘हाव.’

‘थोरल्याच्या अन् हिच्या लग्नात मी घातलेला. त्याच्यात वांगी?’

दारात नणंद चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मला मात्र वेगळाच राग आला, कारण तो टॉवेल मामांचा नव्हताच. तो माझ्या वडिलांचा होता. देवीच्या दर्शनाला गेले तेव्हा माहूरच्या बाजारातून त्यांनी तो विटकरी काठ बघून घेतला होता आणि आमच्या मांडवात सासऱ्यांच्या खांद्यावर घातला होता. मी बोलायला तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

‘अण्णा,’ त्या म्हणाल्या, ‘या घरात पेटीभर टॉवेल आले अन् पेटीभर पुढं गेले. ज्याच्यावर जीव हाय त्याचाच आहेर मी ठेवते, अन् रोज हातात घेते.’

मामांनी उठून पिशवीवरून हात फिरवला. ‘किती मांडवांत टॉवेल घातले मी,’ ते म्हणाले. ‘एक बी कुणी वापरताना दिसला न्हाई. बायको म्हणती, तुमच्या आहेरानं लोक फडताळ बी पुसत न्हाईत. अक्का, ही पिशवी मला द्या. तिला दाखवतो.’

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नणंदही माझ्याकडेच पाहत होती, डोळे भरून. मी वांगी पदरात ओतून घेतली आणि रिकामी पिशवी मामांच्या हातात दिली. त्यांनी ती नव्या उपरण्यासारखी खांद्यावर टाकली आणि सासऱ्यांना म्हणाले, ‘तारीख काढा.’

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना सरळ विचारलं, ‘आत्याबाई, तो टॉवेल माझ्या बाबांचा होता. तुम्हाला आठवलं नाही का?’

‘आठवायला काय झालं? मी कुठं म्हणलं मामाचा हाय म्हणून? जीव असलेल्याचा म्हणलं. मामाचा तर त्याच वर्षी एका बारशात देऊन टाकला. पेटीतले बाकीचे पुढं द्यायचे होते, तुझ्या बापाचा तेवढा एकच मी घरी वापरायला म्हणून ठेवला होता.’ त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच खेकसल्या, ‘आता ती वांगी खाली ठेवशील का न्हाई?’

मला भांडायचं होतं. पदरात वांगी धरून मी रडतच राहिले.