रिकाम्या तोंडाची सुपारी

रेणापूर नाक्यावरच्या टपरीवर एक मामा रोज भेटतात. सगळे मामाच म्हणतात, मीही नाव विचारलं नाही. शुगरमुळं त्यांचं अन्न पोटात रेंगाळतं. डॉक्टरांनी जेवणाआधी घ्यायला मळमळीची गोळी दिली होती, तीही थोड्याच आठवड्यांसाठी. मामांनी ती वर्षभर चालवली. भजी आली तरी खिशातून गोळ्यांचं पाकीट निघायचं. "पोटात जाणार म्हणजे जेवणच न्हाई का?" वर मलाही आग्रह, "घ्या की भाऊ, लई हलकं वाटतं!" दुसऱ्याच्या चिठ्ठीची गोळी मी घेत नाही.

अलीकडे त्यांचे ओठ सारखे हलायचे. परवा मी म्हणालो, "मामा, आधी सुपारी थुका, मग बोला."

"कुठली सुपारी?" म्हणत त्यांनी आ केला. तोंड रिकामं होतं आणि जीभ आपोआप वळवळत होती.

मी त्यांना तसंच स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेलं. हे ती गोळी वर्षभर घेतल्यामुळंच, म्हणत डॉक्टरांनी ती तिथंच बंद केली. ओठ थांबतील का, हे मात्र आताच सांगता येत नाही म्हणाले.

काल भजी आली. मामांचा हात खिशाकडे गेला, रिकामा परतला. त्यांनी प्लेट माझ्याकडे सरकवली.

"तुम्ही खा भाऊ. माझं तोंड तर चालूच हाय."