सहदेव गेटाबाहेर राहिला

जळगाव जामोदच्या मोटार स्टँडासमोर सहदेव इंगळेचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर टाकलेली टिनं. फुटबॉलचं ब्लॅडर फुटलं की गावातली पोरं तेही त्याच्याकडेच आणत, आणि त्याचे पैसे तो कधी घेत नसे. तरुणपणी तो गोलकीपर होता. खामगावच्या एका मॅचमध्ये डाव्या हाताची दोन बोटं मोडली, ती वाकडीच बसली. पान्हा धरताना ती बोटं बाहेर राहत.

संध्याकाळी आम्ही पाच-सहा फुटबॉलवेडे त्याच्या दुकानापुढे जमत असू. मी तहसील कचेरीत कारकून होतो. रंगराव विजेच्या खात्यात वायरमन होता, आवाजाने सगळ्यांत मोठा.

१९६८च्या जानेवारीत पेपरात बातमी आली, की ब्रह्मदेशची टीम नागपूरला येऊन विदर्भाच्या टीमशी खेळणार आहे. खाली दराचा तक्ता होता. खुर्ची पंधरा रुपये, जमिनीवर बसायचे पाच. तीन वर्षांपूर्वी अशीच एक परदेशी टीम आली होती, तेव्हा आम्ही दीड रुपयात मॅच पाहून आलो होतो.

"पाच रुपये?" रंगराव ओरडला. "काऊन बे, गवतावर गादी टाकून राह्यले काय?"

"टीम विमानानं येते," मी म्हणालो. "त्याइचं राहणं, खाणं. खर्च तर असनच."

"मंग तो खर्च खुर्चीवाल्याकडून घ्या ना," सहदेव म्हणाला. तो सहसा बोलत नसे, हातातलं काम करत ऐकत असे. त्या दिवशी त्याने ट्यूब खाली ठेवली. "खुर्चीवर सायब बसते. त्यातले अर्धे फुकटच्या पासवर. उन्हात बसते तो रोजीवाला. त्याची दोन दिवसाची मजुरी झाली ही. आज पाच दिले, त उद्या सात मागतीन."

वाद दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी सहदेवनेच तोड काढली. मॅच भरवणाऱ्या कमिटीला निवेदन पाठवायचं आणि दर उतरला नाही तर आपल्यातल्या एकानेही गेटाच्या आत पाय ठेवायचा नाही. निवेदन मी लिहिलं. पहिली सही सहदेवची, दुसरी रंगरावची, चौथी माझी. खरं सांगायचं तर माझ्या सहीत तत्त्व कमी होतं. माझ्याकडे तसेही पाच रुपये नव्हते.

निवेदनाला उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी आलं ते भाऊरावचं पाकीट.

भाऊराव म्हणजे सहदेवच्या बायकोचा, जनकाबाईचा धाकटा भाऊ. आईबाप गेले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. जनकाबाईने लग्नानंतर त्याला आपल्याच घरी आणलं, वाढवलं. गोलासमोर कसं उभं राहायचं हे सहदेवने त्याला कापसाच्या गिनिंगमागच्या पटांगणात शिकवलं. पुढे तो नागपूरला पोलिसात लागला, पोलिसांच्या टीमकडून खेळू लागला. आता विदर्भाच्या टीममध्ये त्याची फुलबॅक म्हणून निवड झाली होती. पाकिटात खुर्चीचा एक पास होता. चिठ्ठीत लिहिलं होतं, "प्रत्येकाले एकच भेटला. ताई, तू ये. दाजी तिकीट काढतीन."

सहदेवने ते पत्र दुकानात आम्हाला वाचून दाखवलं. आम्ही सगळे खूश झालो. रंगराव मात्र म्हणाला, "आता तू जाशीन."

"जनका जाईन."

"आन तू?"

सहदेवने पत्राची घडी घातली.

"आपुन गेटाच्या आत न जायचं ठरवलं होतं," रंगराव म्हणाला. "पयली सही तुही हाय. घरचा मानूस खेळते मनून तू गेला, त मंग बाकीच्याइनं कायले थांबाव?"

हे त्याने सगळ्यांसमोर म्हटलं. सहदेवचा चेहरा उतरला. "मी आत जानार नाई," तो म्हणाला.

घरी जनकाबाईने विचारलं, "पाच रुपये हायत ना घरात?"

"पैशाचा सवाल नाई."

"मंग कायचा?"

तो सांगू लागला, पण त्याचं त्यालाच ते नीट सांगता येईना. जनकाबाई म्हणाली, "मी आजवर मॅच पाह्यली नाई. तुमी संगं असले त मले समजन तरी, काय चालू हाय थे."

"मी गेटापर्यंत येतो," सहदेव म्हणाला.

मॅचच्या आदल्या दिवशी दोघं बसने नांदुऱ्याला गेले आणि तिथून पॅसेंजरने नागपूरला. दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानावर पोचले तेव्हा गर्दी लोटली होती. सहदेवने तिला खुर्च्यांच्या गेटाशी नेलं. पास पाहून शिपायाने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "हा पास कोनाचा?" असं विचारलं. "भाऊ खेळते माहा," ती म्हणाली. आत जाताना तिने एकदा मागे वळून पाहिलं.

बाहेर भिंतीलगत शेकड्याने माणसं उभी होती. काही कडुलिंबावर चढली होती, पोलीस काठ्या आपटून त्यांना उतरवत होते. सहदेव भिंतीशी उभा राहिला. आतून गलका उठला की तो अंदाज बांधायचा. हा कॉर्नर असेल, हा बॉल बाहेर गेला असेल. दुसऱ्या हाफात एकदा मोठा आवाज उठला आणि एकदम थांबला. बराच वेळ काहीच ऐकू येईना. झाडावरच्या माणसाला त्याने विचारलं, "काय झालं?"

"कोई गिरा है," तो वरून म्हणाला. "उठ नहीं रहा."

शेवटची पंधरा मिनिटं राहिली तेव्हा गेटवाल्यांनी दोर सोडला. बाहेरचे लोक आत धावले. शिपाई सहदेवला म्हणाला, "जाओ ना भाई, अब कौन पूछता है?" सहदेवने एक पाऊल टाकलं आणि थांबला. शब्द दिला होता तो दिला होता. गेट उघडं असताना तो तिथेच उभा राहिला, एकटा.

मॅच सुटली. माणसं गेली. जनकाबाई बाहेर आली नाही. पाऊण तासाने मैदानाच्या एका माळ्याने सांगितलं, की जखमी खेळाडूला मागच्या गेटाने दवाखान्यात नेलं, बरोबर एक बाई होती. सहदेव धावत सुटला.

दवाखान्याच्या पडवीत बाकावर जनकाबाई बसली होती. आणि तिच्याशेजारी, तिचं बोचकं मांडीवर घेऊन, रंगराव.

सहदेव त्याच्याकडे पाहत राहिला. रंगरावची मान वर होईना. "मी आलो होतो ना," तो कसाबसा म्हणाला. "मन नाई मानलं. जमिनीवर बसलो होतो."

भाऊरावचा गुडघा निखळला होता. पडला तो त्याच्याच टीममधल्या खेळाडूशी टक्कर होऊन. खुर्च्यांमधली माणसं उभी राहिली, जनकाबाईला काही दिसेना. शेजारच्या बाईला तिने विचारलं, तर बाई पदर सावरून बाजूला सरकली. ती पायऱ्या उतरून खाली गेली, "माहा भाऊ हाय थो" म्हणत राहिली, पोलीस सोडेना. पलीकडून बांबूचं कुंपण ओलांडून रंगराव आला. त्याने पोलिसाशी भांडण केलं आणि तिला दवाखान्याच्या गाडीत बसवलं.

हे तिने सहदेवला त्या रात्री सांगितलं नाही. मला सांगितलं, पुष्कळ महिन्यांनी. त्या रात्री ती एवढंच म्हणाली, "तुमी कुठं होते हो?"

गावी आल्यावर आम्हाला वाटलं, सहदेव रंगरावला फाडून खाईल. तो काहीच बोलला नाही. रंगराव दोन आठवडे दुकानाकडे फिरकला नाही. शेवटी मीच विचारलं, "त्याले काई बोलला नाई तू?"

"काय बोलू?" ट्यूब पाण्यात बुडवत सहदेव म्हणाला. "थो खोटा निंघाला मनून जनकाले मानूस भेटला. मी आत असतो, त मी भेटलो असतो."

"पन तू चुकला नाई."

"थेच तर," तो म्हणाला. "चुकलो असतो त माफी मागतली असती."

फेब्रुवारीत भाऊराव सुट्टीवर आला. सहदेव त्याला आणायला नांदुऱ्याला गेला, कुबड्यांसकट त्याला खांद्याचा आधार देऊन बसमध्ये चढवलं. बस सुटल्यावर भाऊराव उत्साहाने म्हणाला, "दाजी, पयल्या हाफात त्याइच्या लेफ्ट औटचा बॉल काढला, पाह्यलं का तुमी? तुमी शिकवलं तसाच काढला."

जनकाबाईने पत्रात त्याला काहीच कळवलं नव्हतं.

"नाई रे," सहदेव म्हणाला. "मी बाहेर होतो."

का, ते त्याने सांगितलं. भाऊरावने ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर पाहू लागला. मधल्या एका गावी बस थांबली, माणसं चढली उतरली, तरी तो बाहेरच पाहत होता.

भाऊराव पुन्हा खेळला नाही. पोलिसात त्याला ऑफिसचं काम मिळालं. पुढच्या वर्षीच्या मॅचला जमिनीवर बसायचा दर सात रुपये झाला. दुकानापुढे पेपर वाचून आम्ही पुन्हा तापलो, तेव्हा सहदेव सायकलचं चाक फिरवत म्हणाला, "ज्याले जायचं त्यानं जावं. मले इचारू नका." रंगराव त्याच्याशेजारीच बसला होता. त्याने मान खाली घातली.