तात्यांनी फासलेला शेंदूर

दगडाला शेंदूर फासलेला दिसला की तात्या भडकायचे. "दगूड हाय त्यो. दगूडच ऱ्हाऊ द्या की त्याला!" पिंपरी पेंढारला बांधाला बांध लागून आमची दोघांची शेतं. तात्या विहिरी खोदायचे. खडकावर पहारीचा एक ठोका मारून कान द्यायचे. "ही समदी जमीन एकदा उकळत व्हती, राव. वर फेस आला त्यो मांजऱ्या खडक, पाणी देतो. तळाला बसला त्यो काळा. लई मुका."

नव्वदचं दशक सरता सरता टेकडीवर खडी क्रशरवाला आला. तात्यांच्या विहिरीचा झरा त्याच टेकडीतून यायचा. सुरुंगांनी खडक चिरला तर पाणी भलतीकडेच जाईल, हे त्यांनी ग्रामसभेत घसा फोडून सांगितलं. कोणी ढुंकून पाहिलं नाही. आठवड्यात टेकडीवरचा मोठा धोंडा शेंदराने लाल झाला आणि गाव नारळ घेऊन धावलं. बेल्ह्याच्या बाजारात शेंदराच्या पुड्या पिशवीत कोंबताना मी तात्यांना पाहिलं होतं. "कुणाला बोलू नगंस, भाऊ," एवढंच म्हणाले. मान वर केली नाही.

देवाला सुरुंग कोण लावणार? पण क्रशरवाला बेरकी. ग्रामसभेत येऊन म्हणाला, "देव उन्हात कशाला? रस्त्याला झकास देऊळ बांधून देतो, तिथं हलवू." गाव खूश! तात्या ताडकन उठले. "आरं, त्यो देव न्हाई! शेंदूर मीच फासलाय!" सगळे खो खो हसले. शेंदूर दिसला की भडकणारा माणूस शेंदूर फासेल? तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला इचारा, ह्यानं बघितलंय."

माझा ट्रॅक्टर क्रशरवर लागणार होता. मी म्हणालो, "मला काय ठावं नाय, तात्या."

देव वाजतगाजत हलला. पुढच्याच उन्हाळ्यात तात्यांची विहीर कोरडी पडली. त्यांनी मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. बोलणंच टाकलं. बांधावर समोरासमोर आलो तरी माझ्या आरपार बघायचे.

दोन वर्षांनी ते गेले. स्मशानात खांद्यावरच्या मडक्याला भोक पाडायला जीवखडा हवा होता. काहीतरी करावं म्हणून मीच पळालो आणि रस्त्याकडेचा हाताला लागला तो दगड आणून दिला. मडकं फुटल्यावर नीट पाहिलं. क्रशरची खडी होती ती, धारदार, काळी. मेलेल्याचा जीव दहा दिवस त्या खड्यात राहतो म्हणतात. बदलता येत नाही तो.