तिसरी सुपारी

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे त्या श्रावणापर्यंत मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून वर्ध्याला परतले होते. घरात माझ्याकडे एक जबाबदारी होती, इंग्रजी वर्तमानपत्रातला बंदरांचा रकाना वाचण्याची. दादा एका जुन्या आगबोटीवर इंजिनाच्या कामाला होता. वर उतारू, खाली कापडाच्या गाठी, मुंबई ते आफ्रिका आणि परत. आईने देवापुढे प्रत्येक बंदराची एक सुपारी मांडली होती. बोट पोचल्याचं मी वाचलं की ती त्या सुपारीला कुंकू लावी.

तिसरं बंदर मोंबासा. बोट पोचायचा दिवस उलटून गेला, रकान्यात नाव येईना. समुद्रात वादळ असल्याची बातमी मात्र आली. ती मी आईला सांगितली नाही. रोज ती पदर सावरून समोर बसे आणि माझ्या तोंडाकडे बघे. आठव्या दिवशी मला ते सोसवेना. मी म्हणाले, "पोचली."

त्यानंतर देवघराकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आई म्हणाली, सोमवारी पवनारला जाऊन धाम नदीची ओटी भरू. बसमध्ये नारळ माझ्या मांडीवर होता. माझ्या खोट्यावर ही ओटी भरली जाणार होती, आणि दादा कुठे होता ते मला ठाऊक नव्हतं.

घाटावर एक म्हातारे अंग पुसत बसले होते. हातांवर भाजल्याचे जुने डाग. आई कुणाशीही बोलते. "माहा पोरगा आगबोटीवर आहे," तिने सांगितलंच.

म्हातारे हसले. ते मूळ कोकणातले, आता पुलगावला गिरणीच्या बॉयलरवर. आधी अठरा वर्षं बोटीवर आगवाला, म्हणजे भट्टीत कोळसा घालणारे. मग कुणी काही विचारलेलं नसताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, वादळात जुनी बोट पळवत नाय. नाक लाटेकडं करायचं नि जागच्या जागी धरायची. चार-चार दिवस. आमी खाली भट्टी तेवढी जागती ठेवायची. बाकी त्याचं काम."

मी पायरीवरच बसले आणि आईला सगळं सांगून टाकलं.

"काऊन व, तुले वाटलं मले समजलं नाई?" आई म्हणाली. "पोचली म्हणतानी तू कागदाकडे पाह्यलंच नाई. एवढं इंग्रजी शिकली, पण खोटं बोलाले नाई शिकली."

"मग ही ओटी?"

"पोचली म्हणून नाई. पोचू दे म्हणून."

घरी आल्यावर मी देवघरात गेले. तिसरी सुपारी कोरीच होती.

चौथ्या दिवशी रकान्यात नाव आलं. दादाचं पत्र महिन्याने आलं. वादळात पाच दिवस बोट लाटांकडे तोंड करून उभी होती, उतारू भजनं म्हणत होते आणि खाली भट्टी विझू दिली नव्हती, असं त्यात होतं.

ते म्हातारे त्याच दिवशी तिथे का बसले होते, हे मी शोधत नाही. त्या पायरीला मात्र नमस्कार करते. रकाना अजून मीच वाचते. नाव नसलं की "आज नाही" म्हणते, आणि आई समईत तेल घालते.

त्या चौथ्या दिवशी बोटीचं नाव वाचून दाखवल्यावर आईने कुंकवाचा करंडा माझ्यापुढे सरकवला होता. "आज तू लाव," ती म्हणाली.