स्थळ बघायची परवानगी

रामजीमामा वाठोरे यांना फोनवरचं बोलणं कधी पुरतं समजलं नाही. माणूस समोर उभा असला की त्याच्या उभं राहण्यावरून, पायातल्या चपलेकडे बघण्यावरून मामा ओळखत, की हा खरं सांगतोय की काही लपवतोय. फोनमध्ये मात्र नुसता आवाज यायचा, आणि नुसत्या आवाजावर त्यांचा भरवसा नव्हता. ते प्रत्येक वाक्याला "व्हय, व्हय" म्हणत, फोन खिशात टाकत, आणि मग बायकोला विचारत, "काय म्हणाले असतील गं ते?"

वसमतच्या नगरपालिकेचं एक जुनं दगडी सभागृह, त्याचे मामा राखणदार. गाव त्याला नुसतं हॉल म्हणतं. हळदीच्या व्यापाऱ्यांची सभा, जयंतीची भाषणं, मतमोजणी, शाळांची स्नेहसंमेलनं, सगळं तिथंच. हॉलच्या मागे दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. त्यात मामा, त्यांची बायको कमलबाई आणि मुलगी पल्लवी राहतात. पल्लवी बसस्टँडजवळच्या लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते. सुई कधी गेली ते कळत नाही अशी तिची ख्याती आहे, आणि म्हाताऱ्या बाया दुसरं टेबल रिकामं असलं तरी तिच्याच पुढे रांग लावतात.

मागच्या उन्हाळ्यात पल्लवीला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलाच्या मावशीने पोहे खाऊन झाल्यावर तिला खिडकीपाशी जाऊन उभं राहायला सांगितलं. उजेडात रंग नीट दिसतो, म्हणाली. पल्लवी उभी राहिली. मंडळी गेल्यावर तिने बशा धुतल्या, ओट्यावर पालथ्या घातल्या आणि वडिलांपुढे हात धरला.

"बाबा, आता मला इचारल्याबिगर कोणाला बोलवायचं न्हाई. जमंल?"

"जमंल."

"हातावर हात ठिवा."

मामांनी ठेवला. भांड्यांच्या पाण्याने तिचा हात गार पडला होता. तो गारवा मामांच्या तळव्याला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला.

आणि पोळ्याच्या आसपास एका दुपारी नगरपालिकेतल्या शिवप्रसाद बाबूंचा फोन आला. शिवप्रसाद बाबू म्हणजे कचेरीतला सगळ्यांच्या उपयोगी पडणारा माणूस. पल्लवीसाठी कुठं चांगलं स्थळ दिसलं तर सांगतो, असं ते पूर्वी एकदा म्हणालेही होते.

"मामा, उद्या सकाळी पुण्याची माणसं स्थळ बघायला येऊन राहिलीत."

"स्थळ?"

"व्हय. झाडून-बिडून ठिवा. चहापाण्याचं बघा. मोठी माणसं हायेत."

मामा फोनवर सहसा प्रश्न विचारत नसत. आज विचारला. "आपल्यातलीच हायेत ना?"

"मंग! कुरुंद्याचा धम्मदीप पाईकराव हाये की त्यांच्यात. पुण्यात चांगला जम बसलाय त्याचा. पोरगं लय नम्र."

"व्हय, व्हय."

"त्यांना पसंत पडलं की पुढचं मुख्याधिकारी सायेब बघतील. सायेब सोता लक्ष घालून राहिलेत."

मामांनी फोन खिशात टाकला. धम्मदीप पाईकराव. म्हणजे खरंच आपल्यातला. फक्त मुख्याधिकाऱ्यांचा यात काय संबंध, एवढं एक त्यांना उलगडेना. पण मोठ्या माणसांची मनं मोठी असतात, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. बाकी सगळं लख्ख समजलं होतं, आणि तेही फोनवरून. कमलबाईंना विचारायचीही गरज पडली नाही.

कमलबाईंनी ऐकून घेतलं आणि त्या खाली बसल्या. "आता वो? तुमी तर हातावर हात ठिवलाय."

"फोन करून न्हाई म्हणतो."

"सायबाला न्हाई म्हणता? आन पोरगं कुरुंद्याचं, पुण्यात जम बसलेलं. काहून न्हाई म्हणायचं?"

"मंग पल्लीला इचारतो."

"इचारलं की ती न्हाई म्हणती. संपलं." कमलबाई थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. "आसं सांगू. हॉल बघायला माणसं येणार हायेत म्हणून."

"खोटं?"

"आर्धंच. येता-जाता हॉल दिसंलच की त्यांना."

संध्याकाळी पल्लवी घरी आली तेव्हा मामांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत सांगून टाकलं, की उद्या हॉल बघायला पुण्याची माणसं यायचीत, आईला चहाला हात लागंल, तू जरा उशिरा जा.

"हॉलात काय बघायचंय त्यांना?"

मामांनी एवढा विचार केला नव्हता. "जुना हाये," ते म्हणाले. "बघतात लोकं."

सकाळी पल्लवी न्हाऊन बाहेर आली तेव्हा मामा दाढी करून, पांढरा सदरा घालून दारात उभे होते.

"बाबा, जयंतीचा सदरा?"

"मोठी माणसं हायेत."

"आन दाढी? हॉलसाठी?"

मामांनी गालावरून हात फिरवला. पल्लवी आत गेली. चुलीशेजारच्या परातीत पोहे तयार होते. वर शेंगदाणे, कोथिंबीर, आणि किसलेलं ओलं खोबरं. असं खोबरं मागच्या स्थळाच्या पोह्यांवरच पडलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग खुंटीवरचा लॅबचा पांढरा ॲप्रन काढून तिने ड्रेसवर चढवला आणि वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.

समोरच्या माणसाचं मामांना सगळं कळायचं. पोरीला कळलंय, हेही त्यांना कळलं. आता बोलावं, आत्ताच, म्हणून ते दोन पावलं आत गेले, आणि बाहेर गाडीचं दार वाजलं.

गाडीतून धम्मदीप उतरला. सडपातळ, दाढी राखलेला, खांद्याला पिशवी. त्याच्यामागून राधिका नावाच्या एक बाई, बारीक कापलेल्या केसांच्या, हातात मापाची टेप. मुलाची थोरली बहीण असणार, असं कमलबाईंनी मनात ठरवलं. टेप कशाला, ते ठरवता आलं नाही.

"आधी दोन मिनिटं टेका," मामा म्हणाले. मंडळी टेकली. पल्लवी ॲप्रनवरच ताट घेऊन आली, पोह्यांच्या बशा दिल्या आणि रिकामं ताट धरून मधल्या दाराशी उभी राहिली.

राधिकाबाईंनी खिडकीतून हॉलच्या दगडी भिंतीकडे नजर टाकली आणि समाधानाने मान हलवली. "आम्हाला अगदी असंच हवं होतं. किती वर्षांचं आहे हो?"

मामांनी घसा साफ केला. "आठ्ठावीस संपले. एकोणतिसावं चालू हाये."

"एवढंच?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "दिसायला निदान ऐंशीचं वाटतं!"

कमलबाईंच्या हातातली बशी तिरपी झाली. मामांनी धम्मदीपकडे बघितलं. तो नम्रपणे पोहे खात होता.

"तेच तर चांगलं आहे म्हणा," बाई म्हणाल्या. "नवीन, गुळगुळीत काही आम्हाला चालतच नाही. रंगही कसा छान उडालाय. आवाज घुमतो का?"

"आवाज..." मामा चाचरले. "घरात हळूच बोलते. भांडताना जरा."

आता राधिकाबाई गोंधळल्या. त्यांनी धम्मदीपकडे पाहिलं. धम्मदीपला वाटलं, मामांना काळजी वाटतेय, म्हणून त्याने धीर दिला. "मामा, तुमी घोर करू नका. आमी फक्त थोडे दिवस वापरणार. कुठं खरचटू देणार न्हाई. काम झालं की जसंच्या तसं तुमाला वापस."

"वापस?" कमलबाई ताडकन उठल्या. "वापस म्हंजी काय रे? थोडे दिवस? माझी पोर काय भाड्याची सतरंजी हाये? उठा! ठिवा ते पोहे खाली आन उठा!"

धम्मदीपचा घास तोंडात तसाच राहिला. "मावशी, पोर कुठली? हॉल! आमी हॉलबद्दल बोलून राहिलो. शूटिंगसाठी!"

"कसलं शूटिंग?"

"सिनेमाचं. जुन्या कोर्टाचा देखावा पायजे होता. नगरपालिकेत अर्ज दिलाय. सायेब म्हणाले, आधी स्थळ बघून या."

स्थळ. तो शब्द त्या छोट्या खोलीत पडला. मग राधिकाबाईंना हसू फुटलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. कमलबाईंनी पदरात तोंड लपवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. तरी पदराआडून त्यांनी विचारलंच, "म्हंजी तुझं लगीन..."

"झालंय मावशी. पोरगी चालायला लागली."

मामाही हसले, पण अर्धेच. कारण दाराशी उभी असलेली पल्लवी हसत नव्हती. आपण काल तिला जे सांगितलं ते खरं निघालं, म्हणजे आपण खोटं बोललो की नाही, हे मामांना ठरवता येईना. जे बोललो ते खरं होतं आणि जे मनात होतं ते खोटं. असल्या गुंत्यात माणसाने कुठून शिरावं नि कुठून निघावं, हे त्यांना कधीच कुणी शिकवलं नव्हतं.

धम्मदीपला वाटलं आपलंच चुकलं. तो समजावून सांगू लागला. "मामा, परवानगी हातात पडल्याबिगर आमी कॅमेरा पिशवीतून काढत न्हाई. आन सायबांनी बजावलंय, तिथं राहणाराला इचारा, त्याला तकलीफ व्हायला नको. तुमची हरकत असली तर मोकळं सांगा."

पल्लवीने ताट स्टुलावर ठेवलं.

"ऐकलं का बाबा?" ती म्हणाली. तिचा आवाज खरंच हळू होता. "भित्ताडं बघायची तर अर्ज द्यावा लागतो. मला बघायला एक फोन पुरतो, व्हय?"

पर्स उचलून ती लॅबकडे निघून गेली. ॲप्रन अंगावर तसाच होता.

त्यानंतर मामांनी पाहुण्यांना हॉल दाखवला. उंच खिडक्या, लाकडी व्यासपीठ, कोपऱ्यातला बंद पडलेला पंखा. राधिकाबाई मापं घेत होत्या. इथे खिळा ठोकला तर चालेल का? "इचारावं लागंल," मामा म्हणाले. ही दारं रंगवली तर? "इचारावं लागंल." कुणाला, असं बाईंनी विचारलं, तेव्हा मामांनी बसस्टँडच्या दिशेला बघितलं.

परवानगी मिळाली. हॉलवर न्यायालयाची पाटी चढली, आत कठडे लागले, काळ्या कोटातली माणसं इकडून तिकडे फिरू लागली. बघायला अख्खं गाव लोटलं. कुरुंद्याहून तर धम्मदीपचे नातेवाईक टेम्पो करून आले. मामांना फाटकावर उभं केलं होतं. ते येणाऱ्या प्रत्येकाला "परवानगी?" विचारत, इतकं, की एकदा खुद्द न्यायाधीशाचं काम करणाऱ्या नटालाच त्यांनी अडवलं. पल्लवी सकाळी त्या गर्दीतून वाट काढून कामाला जायची, संध्याकाळी परत यायची. "जेवलात का?" विचारायची. "गोळी घेतली का?" विचारायची. त्यापलीकडे नाही. कमलबाई म्हणायच्या, राग हाये, जाईल. पण मामांना तो राग वाटत नव्हता. रागावलेलं माणूस त्यांना ओळखू यायचं. हे काहीतरी दुसरं होतं. ती बोलताना आता त्यांच्या हातांकडे बघत नव्हती.

शूटिंगच्या शेवटी शेवटी एका सकाळी शिवप्रसाद बाबू फाटकाशी आले. घडलेली गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, आणि ती कचेरीभर सांगून झालेली होती.

"मामा, माझ्या फोननं लय घोळ केला म्हणे!" ते हसत म्हणाले. "पण आता खरंखुरं स्थळ हाये बरं का. माणसाचं. परभणीचं, शाळेवर मास्तर हाये. तुमच्यातलंच. रविवारी येतो म्हणतात. व्हय म्हणू?"

मामांच्या तोंडात "व्हय" आलेलं होतं. आयुष्यभर तेच येत आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"थांबा. परवानगी घ्यावी लागंल."

"आता कोणाची? सायबांची?"

मामांनी हातातली काठी शिवप्रसाद बाबूंच्या हातात दिली. "कोणाला आत सोडू नका," म्हणाले, आणि भर उन्हात बसस्टँडच्या दिशेने चालू लागले.

लॅबमध्ये पल्लवीच्या टेबलापुढे नेहमीसारखी रांग होती. मामा रांगेत उभे राहिले. पुढच्या बायांनी बाह्या वर केल्या होत्या म्हणून त्यांनीही केली. त्यांची पाळी आली तेव्हा पल्लवीने मान वर केली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा! काय व्हायलंय? चक्कर आली?"

"न्हाई. इचारायला आलो." ते तिच्या समोरच्या स्टुलावर बसले. "परभणीचं स्थळ हाये. रविवारी येतो म्हणतात."

पल्लवीने हातातली नळी खाली ठेवली. "हॉल का माणूस?"

"माणूस. मास्तर हाये."

"तुमी काय सांगितलं?"

"इचारून सांगतो म्हणालो."

मागून एक म्हातारी कुरकुरली, "रामजी, रगत द्यायचं आसंल तर दे लवकर, मी उपाशी हाये." पल्लवीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती वडिलांच्या वर केलेल्या बाहीकडे बघत होती.

"रविवारी न्हाई," ती म्हणाली. "आधी त्याचा नंबर घ्या. मी बोलते. मंग बघू."

"म्हंजी व्हय का न्हाई?"

"म्हंजी बोलते, बाबा."

मामांना नीट उमगलं नाही. पण ते समोर बसले होते, आणि समोरच्या माणसाचं जेवढं कळायचं तेवढं त्यांना कळलं. पल्लवीने त्यांची बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं. तिचा हात स्पिरिटने गार पडला होता. "गोळी घ्या घरी जाऊन," ती म्हणाली. "आन सावलीतून जा."

मामा फाटकाशी परत आले तेव्हा शिवप्रसाद बाबू काठी आडवी धरून, घाम पुसत, कुणालाही आत सोडत नव्हते.

"काय मामा? काय म्हणाली पोरगी? व्हय का न्हाई?"

मामांनी काठी हातात घेतली.

"आर्ज घेतलाय," ते म्हणाले. "सही व्हायचीय."