कुंडातलं टरबूज

उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक बागेत दोनच गोष्टी गार असत. एक झऱ्याचं कुंड आणि दुसरं त्यात तरंगणारं, सायकलवरून येणाऱ्या एका गृहस्थांचं टरबूज. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. दर रविवारी ते सायकलच्या हँडलला टरबूज लटकवून यायचे, दुपट्ट्यात बांधून पाण्यात सोडायचे आणि दुपट्ट्याचं टोक धरून, म्हैस धुवायला आणल्यासारखे काठावर बसायचे. कुंडावर येईल त्याला एक फोड ठरलेली. नाही म्हणायची सोय नव्हती.

एकदा पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना मी तिथे नेलं. त्यांना नागपूरचं ऊन, पाणी, बोलणं, काहीच पसंत नव्हतं. हे कळताच आमच्या टरबूजवाल्यांना चेव आला. टरबुजावर थाप मारून म्हणाले, “कन्हान नदीच्या रेतीतलं आहे, मामाजी. आवाज आयकून राहिले ना? आतून कुंकवासारखं लाल!”

कापलं, तर आत पांढरंफटक.

मला कुंडात उडी मारावीशी वाटली. ते मात्र पोट धरून हसले. ना विकणाऱ्याला शिवी, ना उन्हावर खापर. फोडींवर तिखटमीठ भुरभुरलं आणि पहिली फोड सासऱ्यांपुढे धरली. “काकडी समजून खा जी! इतकी थंडी काकडी पुण्यात कोण देते तुमाले?”

सासऱ्यांनी ती सालीपर्यंत खाल्ली आणि पुन्हा हात पुढे केला.

पुढच्या मे महिन्यात सासरे आपणहून आले. गाडीतून उतरले आणि लेकीची खुशाली विचारायच्या आधी मला म्हणाले, “ते काकडीवाले येतात ना अजून?”