पारोळ्याच्या अलीकडे थांबलेली शिट्टी

मे महिना, मंगळवार, सकाळची वेळ. जागा : जळगावबाहेरचं आमचं केळी पिकवायचं गोदाम. हजर : मी, माझे यजमान आणि माझे सासरे, ज्यांना गावभर आबा म्हणतात. गैरहजर : माझा मोठा भाऊ. गाडी त्याची आणि कामही त्याचंच.

दादा धुळ्याला राहतो. लहानपणी कान फुटला तेव्हा त्याचा डावा कान गेला. आता उजव्या कानाच्या नसेवर गाठ झाली होती. ऑपरेशन मुंबईला होतं. गाठ निघेल, पण ऐकू येण्याची आशा धरू नका, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्याच दिवशी दुपारी तो मुंबईला निघणार होता. त्याआधी त्याला एकदा आपल्या गाडीचा आवाज ऐकायचा होता. एवढंच त्याने मागितलं आणि मी हो म्हटलं.

गाडी जुनी, परदेशी बनावटीची, सुपरचार्जर असलेली. म्हणजे इंजिनच्याच पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. ॲक्सिलरेटरवर पाय दिला की त्यातून बारीक शिट्टी निघते आणि चढत जाते. वहिनी म्हणायची, "घरात एक मिक्सर असताना दुसरा कशाला घेतला?" दादा म्हणायचा, "तुझ्या मिक्सरने चटणी होते. याने अंगावर काटा येतो." आवाज रेकॉर्ड करून पाठवू का, असं मी विचारलं होतं. नको म्हणाला. फोनवर तो खरंच मिक्सरसारखा वाटतो म्हणे.

पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हा दादाच्या मित्रांचा सगळा कट्टा त्याला नावं ठेवत होता. दादा एकटाच त्याची बाजू घ्यायचा. दाबलेली हवा तापते, इथेनॉल तिला थंड करतं, इंजिन आतून ठकठक करत नाही, आपल्या गाडीला तर ते मानवतंच, असं त्याचं म्हणणं. रबरी नळ्या तेवढ्या त्याने बदलून घेतल्या होत्या.

हिवाळ्यात त्याला चक्कर येऊ लागली. गाडी चालवणं बंद झालं आणि ती आमच्याकडे आली. होळीनंतर ऊन तापलं. पत्र्याखाली उभ्या गाडीला हात लावता येईना. तेव्हा आबा म्हणाले, "ज्या खोलीत केळी टवटवीत राहतात, तिथे गाडी का राहणार नाही? एक खोली मोकळीच आहे." सगळ्यांना पटलं, मलाही. दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "गाडी एसीत आणि मालक पंख्याखाली. चालू दे."

तर त्या सकाळी गाडी सुरू झाली, पण खोकली. यजमान म्हणाले, "गारठलीय. उन्हात गेली की सुधारेल." आबा गोदामावर थांबले, आम्ही दोघं धुळ्याला निघालो. एरंडोलपर्यंत गाडी धक्के देत आली. पाय दाबला तरी शिट्टी चढेना. टाकी अर्धीच होती. पेट्रोल नीट ओढत नसेल असं वाटून मी एरंडोलला ती गच्च भरून घेतली. पारोळ्याच्या अलीकडे गाडी बंद पडली ती पडलीच.

पारोळ्याहून मेकॅनिक आला. त्याने टाकीच्या तळातून नळी घालून थोडं काढलं आणि थंडपेयाच्या बाटलीत धरलं. वर पेट्रोल आणि खाली वेगळा, गढूळसा थर.

"ताई, हाई खालचं पेट्रोल नही शे," तो म्हणाला. "पाणी शे. इथेनॉलले धरीसन बठेल शे. गाडी कोठे ठेयेल व्हती?"

गाडी कुठे ठेवली होती ते यजमानांनी सांगितलं. सांगता सांगताच त्यांच्या लक्षात आलं. केळी सुकू नयेत म्हणून त्या खोल्यांमध्ये हवा ओली ठेवावी लागते. शेजारच्या खोलीत माल, मधलं दार उघडं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि फार झालं की त्याच्यासकट तळाशी बसतं. अर्धी रिकामी टाकी, झाकण जुनं. दोन महिने आम्ही त्या टाकीला पाणी पाजत होतो.

"रोज सकाळी फरशीवर पाणी मीच मारतो," ते म्हणाले. मेकॅनिकने बाटली बाजूला ठेवली.

टाकी पूर्ण रिकामी करायची, धुवायची, नळ्या फुंकायच्या, मग ताजं पेट्रोल. अर्धी असती तर लवकर उरकलं असतं. मी ती भरून आणली होती. कॅन पुरेनात. मी रस्त्याकडेच्या दुकानांत कॅन मागत फिरले. एकाने तेलाचा रिकामा डबा दिला, एकाने सरळ नाही म्हटलं.

दादाचा फोन आला. "कुठवर आलीस, मॅनेजर?"

"पारोळ्याच्या अलीकडे. टाकी खाली करतोय."

"दम लागलाय तुला. ढकलत आणतेयस का?"

"दादा, तूच इकडे ये ना. अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता आहे."

फोन वहिनीने घेतला. "ताई, त्यांना संडासपर्यंत धरून न्यावं लागतं. मुंबईपर्यंत कसं न्यायचं याचीच धास्ती आहे. त्यात आधी उलट दिशेला पारोळं?" तिचं बरोबर होतं. तरी मी म्हटलं, "थोडा वेळ थांबवता येईल?" ती म्हणाली, बघते.

तिने थांबवलं. मुंबईची गाडी दारात उभी, ड्रायव्हर कुरकुरतोय, हेही तिने कळवलं. इकडे नळीतून पेट्रोल बारीक धारेने येत होतं. मी त्या धारेकडे बघत उभी होते. ती जोरात यावी म्हणून करण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. मग वहिनीचा पुन्हा फोन आला. आता निघावंच लागेल.

गाडी सुरू झाली तेव्हा उन्हं कलली होती. मेकॅनिकने पाय दिला. शिट्टी निघाली, चढली, स्वच्छ. मी दादाला फोन लावला. ते नाशिकच्या पुढे गेले होते.

"झाली सुरू," मी म्हटलं. "फोन इंजिनपाशी धरते."

तो म्हणाला, "नको. फोनवर नको. परत आलो की ऐकव."

मी बरं म्हटलं. त्याला माहीत होतं आणि मलाही.

गाठ पूर्ण निघाली. दादा घरी आला आहे, चालतो, जेवतो. आम्ही त्याच्याशी पाटीवर लिहून बोलतो. माझ्याकडची कामं एकेक करून झाली : टाकीचं झाकण बदललं, पेट्रोलचा फिल्टर नवा घातला, केळीच्या खोलीचं मधलं दार बंद केलं, गाडी पत्र्याखाली आणली. दर रविवारी मी ती सुरू करते. शिट्टी चढायला लागली की यजमान गोदामात निघून जातात.

वहिनीने धुळ्यात अंगणातल्या कुंड्या हलवून गाडीपुरती जागा करून ठेवली आहे. गाडी अजून इथेच आहे. ती नेऊन द्यायची आहे.